आठ मिनिटांचा उशीर

नांदेडकडच्या एका धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजघरात मी ऑपरेटर होतो. वीजघर तसं लहान. पण कोळशावर वीज बनवणारा संच बंद पडला तर पुन्हा सुरू व्हायला कित्येक तास लागतात. आमची टर्बाइन पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज देते. म्हणून ग्रिडवर, म्हणजे राज्याच्या वीजजाळ्यावर, ताण आला की भार नियंत्रण कक्षाचा फोन आमच्याकडे यायचा.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी तसा फोन आला. कुठला तरी मोठा संच अचानक बंद पडला होता.

"मशीन लगेच सुरू करा. नाहीतर फीडर बंद करून लातूरकडची लाइट घालवावी लागेल."

पाणी सोडण्याआधीचा इशारा म्हणून मी भोंगा वाजवला आणि खिडकीतून खाली पाहिलं. नदीच्या कोरड्या पात्रात टरबुजाची वाडी होती. ती लावणारे चाचा आणि चाची फळं तोडत होते. भोंगा चाचणीसाठी एरवीही वाजायचा, त्यामुळे दोघांनी मानसुद्धा वर केली नाही.

"पात्रात माणसं हायत, साहेब. थांबावं लागंल," मी फोनवर सांगितलं.

"किती वेळ?"

"सांगता येत न्हाई."

जोडीदाराला पॅनलवर बसवून मी पळत पात्रात उतरलो. चाचा लगेच निघाले. चाची मात्र तोडलेल्या फळांच्या ढिगाकडे परत फिरल्या. मी त्यांचा हात धरला आणि अक्षरशः ओढत काठावर आणलं. मग वर बघून जोडीदाराला हात केला.

पाणी आलं. वेल उपटले गेले, टरबुजं तरंगत निघून गेली. चाची बघत राहिल्या.

"जान बची साब, बस," चाचा म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी लातूरकडच्या उदगीरहून बहिणीचा फोन आला. "दुपारी लाइट गेली रे. सासूबाईंचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. घरात सिलिंडर होता म्हणून निभावलं."

लाइट का गेली, हे मी तिला सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात वरच्या ऑफिसातून मला खुलासा मागणारं पत्र आलं: आठ मिनिटांचा उशीर का झाला? मी लिहिलं, पात्रात माणसं होती. त्यावर पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

हिवाळ्यात चाचा गेटवर आले. हातात बियाण्याची पिशवी होती.

"साब, यंदा पानी कव्हा सोडणार? तेवढं सांगा, त्या हिशोबानं लावतो."

ग्रिडला आमची गरज कधी पडेल, ते मलाही पाच मिनिटं आधीच कळायचं. मी त्यांना बसायला खुर्ची दिली.