गोठ्याचा नंबर आधी

मी पायरीवरून उठलेही नव्हते, तोवर काकूंनी बादली आणली.

गोमूत्र घातलेलं पाणी. वास कळतो ना. माझ्या पायाशीच ओतलं. चपला भिजल्या. वर तोंडानं म्हणाल्या, "तुमी बसा हो बाई. मी आपली पायरी धुतीय."

बसा हो म्हणे! मग धुता कशाला?

जनगणनेचं काम होतं. घरोघर जायचं, प्रत्येक घरावर मार्करनं नंबर टाकायचा, आत कोण राहतं ते मोबाईलमध्ये भरायचं. मी गावच्या शाळेत शिक्षिका. कोल्हारपासून जवळच, प्रवरेच्या काठचं गाव. आम्ही बौद्ध, हे गावात सगळ्यांना ठाऊक. तात्यांना तर पक्कं ठाऊक. तात्या म्हणजे बंगल्याचे मालक, काकूंचा नवरा, आणि आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी त्यांच्या हातात मीच देते. ती दोरी बरी चालते त्यांना.

तात्या झोपाळ्यावर, मी पायरीवर. मान वर करकरून विचारत होते. खोल्या किती, गाड्या किती, टीव्ही आहे का. ते सांगत होते ठणकावून, आल्यागेल्याला ऐकू जावं असं. मग माणसांवर आलो.

"घाला. थोरला, त्याची बायकू, दोन पोरं. धाकला, त्याची बायकू."

थोरला पुण्याला. धाकटा तर परदेशात, दिवाळीलासुद्धा येत नाही. हे काकूच शाळेत येऊन रडत सांगून गेल्या होत्या.

"तात्या, इथं राहतात तेवढेच धरायचे."

"समदी इथलीच हायेत. घर कुनाचं हाय? घाला म्हन्लं ना!"

एवढा दोन मजली बंगला, आणि माणसं दोन. म्हातारा न् म्हातारी. बाकी खोल्यांना कुलपं.

मी मागचं विचारलं. बंगल्यामागं गोठा होता. तिथं दोरीवर साडी वाळत होती. तान्ह्या पोराची झबली वाळत होती.

"तिथं कोण राहतं?"

"कोन न्हाई. जनावरं हायेत. तिकडं जाऊ नका, कुत्रं मोकळं हाय."

मग झबली कोण घालतं? म्हैस? अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. नोकरी आहे बाबा.

उठले. मार्कर काढला आणि दाराच्या चौकटीवर नंबर टाकायला हात उचलला, तर काकू किंचाळल्या.

"अहो, दाराला हात लावतीय ती!"

मघाशी बाई होते. आता ती झाले.

तात्या झोपाळ्यावरून उठले. "ए, थांब. दारावर न्हाई. उंबऱ्याची रोज पूजा हुती आमच्यात. नंबरच टाकायचाय ना तुला? जा, गोठ्यावर टाक. तिथं लाव काय हात लावायचा त्यो."

बोलून गेले. विटाळाच्या धसक्यात मोकळं कुत्रंसुद्धा विसरून गेले.

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. याच हातानं गावातल्या पोरांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतलीत. यांच्या थोरल्याचं पोर इथं होतं तेव्हा त्याचाही हात धरलाय. तेव्हा पोर बाटलं नाही, आणि आज लाकूड बाटतंय? शिवी आली तोंडात. चांगली जाडजूड, आमच्या वस्तीतली. पण मी हसले.

"बरं तात्या. तुम्ही म्हणता तर गोठ्यावर टाकते."

आणि गेले. कुत्रं कसलं, मांजरसुद्धा नव्हतं तिकडं.

गोठ्याच्या एका अंगाला पत्रे ठोकून खोली केलेली. बाहेर चूल पेटलेली. एक बाई भाकरी थापत होती, झोळीत तान्हं. मंगल तिचं नाव. अकोले तालुक्याच्या डोंगरातलं आदिवासी कुटुंब. नवरा तात्यांचा सालगडी, वर्षाच्या बोलीवर राबणारा. सासू, सासरा, पोरं, सगळी त्या एका खोलीत. मला बघितलं तशी ती दडायला धावली. दडणार कुठं, तर म्हशीच्या आड!

"मालक म्हन्लं, मोजाया येत्याल तवा भाईर यायचं न्हाई."

"का गं?"

"मोजलं तर उद्या जागा मागाल म्हनं."

जनगणनेत आलं म्हणून कुणाला जागा मिळत नाही. मला माहीत आहे. पण बघा, माणूस म्हणून मोजूसुद्धा द्यायचं नाही! दिवाळीला न फिरकणारी इथं राहतात, आणि हिच्या झोळीतलं पोर राहत नाही.

"घरातल्या मोठ्याचं नाव सांग," मी म्हणाले. "आणि कोणकोण राहता ते."

ती सांगत गेली. झोळीपाशी थांबली. "ह्याला बी धरत्यात?"

"ह्याला बी धरतात."

तेव्हा कुठं तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

पत्र्यावर नंबर टाकला. राहतं घर, वेगळं कुटुंब. चुलीशेजारी उभी राहून सगळी माहिती भरली आणि तिथूनच पाठवून दिली. मग आले बंगल्यापाशी, सरळ दारात गेले आणि सागवानी चौकटीवर पुढचा नंबर टाकला. चांगला वीतभर.

"ए! काय केलंस?"

"गोठ्यात कुटुंब राहतं तात्या. तुम्हीच पाठवलंत मला तिकडं. त्यांचा नंबर आधी लागला, तुमचा त्यांच्या मागून. आणि तुमच्या घरात दोनच माणसं धरलीत. तुम्ही आणि काकू."

तोंड बघण्यासारखं झालं होतं. काकू बादली घेऊन धावल्या. घासा म्हटलं, घासा! मार्कर गोमूत्रानं जातोय होय?

तात्यांनी आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या सरांना फोन लावला. मी गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते, तोच सरांचा मला फोन.

"बाई, मिटवून टाका. नोंद परत पाठवतो, नुसता गोठा दाखवा, माणसं काढा. कशाला वाकड्यात शिरता? बदली होईल तुमची."

"सर, तुम्ही या. मंगलसमोर उभं राहून तिला सांगा, की तू इथं नाहीस. मग काढते."

सर आले नाहीत. माणसं काढली गेली नाहीत.

तात्यांनी सालगड्याला हाकललं नाही. दया आली म्हणून नव्हे. पोरं गेली शहरात, गडी मिळत नाहीत, उसाला पाणी कोण धरणार? माझ्या बदलीसाठी मात्र वरपर्यंत खटपट चाललीय. चालू दे. घरचे म्हणतात, सोडून दे, म्हातारं माणूस आहे. का सोडू? वयानं विटाळ कमी झाला का त्याचा? पोरांना मी वर्गात क्षमा शिकवते. माझ्यापाशी ती नाही. मला त्या माणसाची जिरवायचीय.

ही फेरी घरांच्या नोंदीची होती. पुढची एकेक माणूस मोजायची आहे. त्यात प्रत्येकाची जात विचारायचीय. आजवर नेमकी जात आमच्यासारख्यांनाच विचारायचे, चारचौघांत. आता सगळ्यांना विचारायची. तोच भाग मी मागून घेतलाय. तात्या म्हणतील, "तुला ठाऊक न्हाई व्हय?" ठाऊक आहे. तरी मी आपल्या मनानं लिहिणार नाही. मंगलला शेजारी उभी करणार आणि विचारणार, "जात सांगा तात्या." ऐकू आलं नाही म्हणून परत विचारणार. त्यांच्या तोंडून निघेपर्यंत तिथून हलणार नाही.