थिरियाची पट्टी आणि दोन सरांच्या सह्या

नकाशे काढणाऱ्यांच्या ऑफिसात किस्से आपोआप साठतात. दिवसभर दुसऱ्यांच्या हद्दी आखायच्या आणि चहाच्या वेळी स्वतःच्या टेबलावरून भांडायचं! इथं आखातात, अल सद्द भागातलं आमचं ऑफिस असंच आहे.

सध्या अल गराफातल्या एका शाळेसाठी प्राचीन ग्रीसचा भिंतीवरचा नकाशा चाललाय. त्यात थिरिया नावाची चिंचोळी पट्टी आहे. मागे डोंगर, पुढे समुद्र. तिच्यावरून शेजारच्या दोन नगरराज्यांचं भांडण: स्पार्टा म्हणे आमची, आर्गोस म्हणे आमची. शाळेत इतिहासाचे दोन सर. केरळचे सर स्पार्टाच्या बाजूचे, इजिप्तचे सर आर्गोसच्या. ग्रीस दोघांनीही पाहिलेलं नाही!

*

नकाशा आमच्या परकारभाईंकडे. रत्नागिरीचा शांत माणूस. महिनाअखेरीला त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं आणि नकाशावर दोन्ही सरांच्या सह्या आल्या तरच रिन्यू होणार होतं. नाहीतर अल मुंतझाचा फ्लॅट सोडून बायको-मुलांसह गावी. आम्हालाही घोर लागला होता.

परकारभाईंनी थिरिया दोघांचीही म्हणून तिच्यावर लाल-निळे पट्टे मारले. दोन्ही सर बोटाने मोजत बसले.

"त्यांचे सात आणि आमचे सहाच का?" इजिप्तच्या सरांनी विचारलं.

*

लंचला मी सगळ्यांना इतिहास सांगितला. दोन्हीकडचे तीनशे-तीनशे निवडक वीर लढले. उरले आर्गोसचे दोन, स्पार्टाचा एक. ते दोघं "जिंकलो" म्हणत घरी पळाले. हा एकटा मैदानातच थांबला, म्हणून स्पार्टा म्हणाली, आम्ही जिंकलो!

मॅनेजर सुळेसाहेब डबा बंद करत म्हणाले, "बघा! हजेरीचं कार्ड पंच केल्याशिवाय घरी जायचं नाही!"

*

मग मी पुढचं सांगितलं. शंभरेक वर्षांनी दोघांत तहाची बोलणी झाली. त्यातही आर्गोसने अट घातली, या जमिनीसाठी पुन्हा तसंच लढायची मुभा हवी! स्पार्टाला हसू आलं, पण कबूल केलं.

परकारभाईंना नवल वाटलं नाही. "आमच्या चुलत्यानं बांधाच्या केसमध्ये हेच केलंन. समझोता केलान, नि त्यातच परत भांडायची सोय ठेवलीन!"

*

गुरुवारी शेवटची मीटिंग. परकारभाईंनी नवा प्रिंट टेबलावर पसरला. दोन्ही सर चष्मे सरसावून बराच वेळ वाकून बघत होते.

केरळचे सर म्हणाले, "ओके."

इजिप्तचे सर अरबीत म्हणाले, "खलास!" म्हणजे झालं, मिटलं.

सह्या करून दोघं खुशीत गेले. सुळेसाहेबांनी रिन्यूअलचा फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं आणि त्यांची नजर नकाशावर गेली. रंगांच्या आणि खुणांच्या सूचीची चौकट आम्ही नेहमी समुद्रात ठेवतो, तिथे जागा रिकामी असते म्हणून. या वेळी ती बोटभर किनाऱ्यावर चढली होती.

"परकार, थिरिया कुठाय?"

"तिथंच आहे, साहेब. सूचीच्या खाली. कोण मागायला आलं तर उचलून दाखवू!"

साहेबांनी फॉर्मवर सही केली.