नागदवण्याचं पाणी

जव्हारच्या माझ्या घरापुढे नागदवणा फुलला की लोक थबकतात. हातभर लांब पानं, पांढऱ्या फुलांचे झुपके. “कसा हो वाढवलात?” विचारतात. “त्याला काही लागत नाही,” मी सांगतो. ते खोटं आहे.

मूळ कांदा मी सूर्यमाळला मास्तर असताना लावला. खोलीत एकटाच होतो. बोलायला तेवढं एक झाड. उन्हाळ्यात एक बाई रोज दरीतल्या झऱ्यावरून हंडा भरून आणायची आणि दम खायला माझ्या कुंपणाशी टेकायची. पाणी डुचमळू नये म्हणून हंड्यात पळसाचं पान तरंगत असायचं. एकदा तिने माझ्या टाकीतलं हंडाभर पाणी मागितलं. टाकी निम्मी भरलेली होती. मी नाही म्हणालो.

मग सुट्टीला गेलो. महिन्याने परतलो तर झाड फुलावर होतं, आणि बुंध्याशी ओल. संध्याकाळी ती आली, पान बाजूला सारलं आणि हंड्यातलं ओंजळभर पाणी कांद्यावर सोडलं.

“तुम्ही घालत होता? मी तर तुम्हाला...”

“नाय तू म्हनलास, मास्तर,” ती हसली. “कांद्यानं थोडंच म्हनलं?”

तेव्हा तरी टाकीचं झाकण उघडायला हवं होतं. मी फुलांकडे बघत राहिलो. तिने चुंबळ नीट केली, हंडा उचलला आणि चढाला लागली.

बदली झाल्यावर त्याच कांद्याचं पिल्लू मी इथे आणलं. आता नळ अंगणातच आहे. पाणी मागायला कुणी येत नाही.