शेवटची रांग तिसऱ्या मजल्यावर

नाटकबाईंचा आवाज गेला तेव्हा अख्ख्या गावाला चुकल्याचुकल्यासारखं झालं. तो आवाज काही एकट्या बाईंचा नव्हता. उमेदीच्या वयात त्या बसस्टँडवर गाड्या पुकारायच्या. कुठली गाडी कुठे लागली, कुणाचं पोर हरवलंय, कुणाची पिशवी सापडलीय, सगळं त्या एका आवाजात यायचं. नवऱ्याशी भांडून निघालेली एक बाई म्हणे "शेवटची गाडी सुटत आहे" हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या मायेनं ऐकून पाघळली आणि पिशवी उचलून परत घरी गेली. खरंखोटं ती बाई जाणे आणि तिचा नवरा जाणे.

नोकरी संपली तेव्हा लोकांना वाटलं, आता बाई आराम करतील. पण ज्यांच्या जिभेनं कधी दुपारची झोप घेतली नाही, त्या कसल्या आराम करतात! त्यांनी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली आणि मुलांना नाटक शिकवायला लागल्या. त्या स्वतः कुठे शिकल्या होत्या? कुठेच नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "इतकी वर्षं खिडकीत बसून माणसं बघितली. रडणारी, भांडणारी, पोराचं वय चोरून अर्धं तिकीट मागणारी. ह्याहून मोठी नाटकशाळा असेल तर मला दाखवा."

त्यांची शिकवायची पद्धतही बसस्टँडवरचीच. खोलीच्या पार टोकाला एक डुगडुगणारं स्टूल होतं, त्यावर बाई बसायच्या. खाली हातोड्याची ठोकाठोक, पंपाची फुसफुस. त्या गोंगाटातून पोराचं बोलणं स्टुलापर्यंत पोचलं नाही की बाई हात वर करायच्या. हात वर म्हणजे पोचलं नाही. हात खाली म्हणजे पोचलं. ना ओरडा, ना शाबासकी.

"पुढच्या रांगेचं काय कौतुक," त्या सांगायच्या. "ती बसते जवळ, तिला फुकटात दिसतं. नाटक करायचं ते शेवटच्या रांगेसाठी. गाडी ज्याची चुकायची ना, तो नेहमी लांबच्या बाकावर बसलेला असतो."

हे वाक्य पोरांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेत बडबडतील. पुढे ह्याच वाक्यानं सगळा घोळ घातला, पण ते येईलच.

दुसरा एक नियम होता. वर्षाच्या शेवटच्या खेळाची कमाई आपली नाही, ज्याला गरज त्याची. ती तिकिटं खपवायला पोरं नाटकातल्या कपड्यांतच गावभर फिरायची. राजा मुकुट घालून भाजीवाल्यांशी हुज्जत घालायचा. झाडाचं काम करणारा पोरगा बँकेच्या रांगेत इतका मन लावून उभा राहिला की एका आजोबांनी खुशाल त्याच्या फांदीला छत्री अडकवली. पोरगं हललं नाही. आजोबांनी घाबरून दोन तिकिटं घेतली.

आणि अशात बाईंच्या घशात गाठ आली. डॉक्टरांनी ती काढली, जीव वाचला, पण आवाज गाठीबरोबर गेला. उरली ती नुसती वाफ. कानाशी तोंड नेलं तर ऐकू येईल एवढी.

बाई राहायच्या धाकट्या बहिणीबरोबर. धाकटी शिवणकाम करायची, नाटकाचे कपडेही तीच शिवायची. आता बाईंची जीभही तीच झाली. फक्त ह्या जिभेला तिखटाची सवय फार. बाई पुटपुटायच्या, "त्याला म्हणावं, जरा मान वर ठेव." की धाकटी गरजायची, "मान वर कर रे! मुकुट शिवताना माझी बोटं फाटली ती काय जमीन बघायला?"

"मी असं कुठे म्हटलं?" बाई कुजबुजायच्या.

"म्हणणार होतीस ना? मी आधीच म्हटलं. तुझी वाफ वाचवली."

हसायच्या दोघी. पण बाईंचं हसू आता डोळ्यांपर्यंत जात नव्हतं. एखादी गोष्ट दाखवायची तर त्या उठून हातांनी दाखवायच्या, चेहऱ्यानं, खांद्यानं दाखवायच्या. दमून परत स्टुलावर बसायच्या आणि वाटायचं, ही काय शिकवण झाली? एकदा रात्रीच्या भांड्यांवर पाणी ओतता ओतता त्यांनी धाकटीला सांगून टाकलं, "हा खेळ झाला की सायकलवाल्याला किल्ली देऊन टाकू. मीठ संपलं, आता मिठाचं दुकान उघडं ठेवून काय करायचं?"

धाकटीनं भांडी पुसून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सायकलवाल्या काकांना निरोप दिला, "कार्यक्रम झाला की तिथेच किल्ली घ्या. पोरांना इतक्यात बोलू नका."

त्या वर्षीचा खेळ हॉस्पिटलसाठी होता, बाईंचा घसा जिथे कापला तिथलाच. मुलांच्या वॉर्डात खेळायची एक खोली व्हावी म्हणून. नाटक होतं झोप हरवलेल्या राजाचं. राजाला झोप येईना, सगळं राज्य झोप शोधायला निघतं आणि शेवटी गाव गप्प झाल्यावर राजा झोपतो, एवढीच गोष्ट. दवंडी देणारी होती भोंगा. तिचं खरं नाव आईबापही विसरले असतील. ह्या पोरीनं खोलीत "ऐका हो ऐका" म्हटलं की खाली सायकलचं चाक आपोआप थांबायचं. बाईंचा तिच्यावर फार जीव. ह्या एका पोरीसाठी हात कधी वर करावा लागला नव्हता.

कार्यक्रम दुपारी, हॉस्पिटलच्या अंगणात. सकाळी सगळी वरात पोचली तेव्हा स्टेज बांधून तयार होतं. पाहुण्यांना झाडाची सावली मिळावी म्हणून खुर्च्या झाडाखाली मांडलेल्या आणि स्टेजची पाठ इमारतीकडे. त्या पाठीला धाकटीनं जुन्या चादरी जोडून शिवलेला आणि सायकलवाल्या काकांनी रंगवलेला राजवाडा टांगला.

कपडे बदलायची खोली दाखवायला मोठ्या सिस्टर आल्या. वर बघून हळहळल्या, "अरे देवा, ह्या पडद्यानं तर सगळंच झाकलं. तिसऱ्या मजल्यावरची पोरं सकाळपासून खिडक्यांना चिकटून बसलीत हो. त्यांना खाली आणता येत नाही, वारा लागलेला चालत नाही."

"मग त्यांना ऐकू येईल का?" भोंगानं विचारलं.

"कुठलं ग. खिडक्या कायमच्या बंद. काच अशी जाड, की बाहेर बँड वाजला तरी आत पत्ता नाही."

बाईंनी मान वर करून बघितलं. काचांमागे लहान लहान डोकी होती. काहींना केस होते, काहींना नव्हते. बाईंना वाईट वाटलं. पण स्टेज ठोकून झालं होतं, खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आणि दुसऱ्याच्या दारात आपण कुठे हट्ट करायचा? त्या कामाला लागल्या. पोरं मात्र बराच वेळ कोपऱ्यात घोळका करून उभी होती.

दुपारी अंगण भरलं. पुढे सिमेंटवाले शेठ, कमिटीचे सेक्रेटरी, त्यांच्या बायका, देणगीदार. बाई आपल्या जागी, पार शेवटच्या खुर्चीवर. शेजारी धाकटी आणि सायकलवाले काका. सेक्रेटरींचं भाषण संपेना. अखेर माइक आपणच कंटाळून बंद पडला आणि नाटक सुरू झालं.

भोंगा आली. अंगात बशीएवढी बटणं असलेला कोट, गळ्यात ढोल. तिनं पुढच्या रांगेकडे बघितलं. मग शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंकडे बघितलं. मग ढोल खाली ठेवला, शांतपणे मागे गेली आणि राजवाड्याची गाठ सोडली. दुसऱ्या टोकाची गाठ झाडानं सोडली. अख्खा राजवाडा गपकन खाली बसला.

"माझ्या चादरी!" धाकटी किंचाळली.

"माझे बुरूज," काका म्हणाले.

भोंगानं देणगीदारांकडे सरळ पाठ फिरवली. वर, तिसऱ्या मजल्याकडे तोंड केलं. हात उचलले, तोंड उघडलं. आणि आवाज आला नाही.

गेला, हिचाही आवाज गेला! बाईंचा हात आपोआप वर झाला. पण बघतंय कोण? पोरीची पाठ होती. राजा आला, त्याचीही पाठ. झाड आलं, त्याचीही. सगळं राज्य पाहुण्यांना पाठमोरं आणि तोंडातून चकार शब्द नाही.

पुढे कुजबुज सुरू झाली. सेक्रेटरी घाम पुसत उठले आणि मागे वळून बाईंना खुणावू लागले, थांबवा हो ह्यांना! धाकटीला तेवढंच हवं होतं. "ओरडू का?" तिनं छाती भरून घेतली. "एक हाक मारते, झक्कत वळतील."

बाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

कारण आत्ता त्यांना दिसलं होतं. भोंगा दवंडी देत होती. आवाजाशिवाय, पण दवंडीच. पंजा गालाशी नेऊन झोप, मग दोन्ही तळहात उलटे करून झोप गेली, मग खांदा मागे टाकून राजा किती बेजार झाला ते. तो खांदा बाई ओळखत होत्या. मागच्या महिन्यात दमून स्टुलावर बसण्याआधी त्यांनीच तो असा मागे टाकला होता. ते तळहात त्यांचे होते. भुवई उचलायची ती लकब त्यांची होती. राजाची चाल, झाडाचं थरथरणं, आवाज गेल्यापासून त्यांनी हातवारे करून जे जे म्हणून दाखवलं आणि वाया गेलं असं धरून बसल्या, ते सगळं त्या फळ्यांवर चालत होतं, पाठमोरं, आणि वर बघत होतं. कुणाला शिकवलं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पोरांनी ते केव्हा उचललं, कोणत्या खिशात ठेवलं, देव जाणे.

"ताई," धाकटी हाताआडून म्हणाली, "श्वास घेऊ का?"

बाईंनी हात काढला आणि उठल्या. नाटक शेवटच्या रांगेपर्यंत पोचतंय की नाही, हे बघायचं काम त्यांचं. आणि शेवटची रांग आज इथे नव्हती.

त्या निघाल्या तेवढ्यात सिमेंटवाले शेठ उभे राहिले. आता हे चालले, म्हणून सेक्रेटरींचा चेहरा पांढरा पडला. शेठनी स्वतःची खुर्ची उचलली, स्टेजला वळसा घातला आणि पलीकडे, इमारतीच्या पायाशी, रणरणत्या उन्हात नेऊन मांडली. "पाठ काय बघत बसायची," ते म्हणाले. "तोंडं इकडे आहेत." मग काय, एकामागून एक सगळ्यांनी खुर्च्या उचलल्या. चांगल्या साड्या, कडक इस्त्रीचे शर्ट, सगळे सावली सोडून उन्हात. पुढची रांग आपल्या पायांनी चालत पुढे आली.

बाई जिने चढल्या. गुडघे कुरकुरत होते. तिसऱ्या मजल्यावर मोठ्या सिस्टरनी दार उघडलं. खिडक्यांशी पलंग ओढून घेतले होते आणि पोरं गुडघ्यांवर उभी होती, कुणाच्या हाताला नळी, कुणाच्या डोक्याला पट्टी. जरा हललं तर खालचा खेळ मोडेल, अशा धाकानं एकही पोर हलत नव्हतं.

"दिसतंय का नीट?" बाईंनी एका मुलीच्या मागे उभं राहून विचारलं.

तिनं वळून बघितलं. "तुम्ही पण सिस्टर का?"

"का ग?"

"आमच्यासारखं हळू बोलता म्हणून. इथे सगळे असंच बोलतात." आणि ती परत काचेकडे वळली.

खाली राजानं जांभई दिली. चांगली लांबलचक, हातपाय ताणून. जांभईला काच आडवी येत नाही. खिडकीतल्या एका पोरानं दिली, मग शेजारच्यानं, मग सिस्टरनी तोंडावर हात धरून दिली. खाली उन्हात शेठनी जबडा उघडला तो मिटेना, त्यांच्या मागे सगळी देणगीदार मंडळी. वरून बघताना एक मोठी लाट अंगणातून फिरत गेल्यासारखी वाटली. बाईंनाही आली. डोळ्यांत पाणी आलं. जांभईनं येतंच.

मग झाडानं आपल्या फांद्या राजावर धरल्या आणि राजा झोपला. भोंगानं ओठांवर बोट ठेवलं. अंगण गप्प झालं, फाटकाबाहेरचा रिक्षावाला गप्प झाला, ज्या पोरीच्या एका हाकेनं चाकं थांबायची तिनं बोटानं सगळं थांबवलं. इतकी शांतता बाईंनी आयुष्यात ऐकली नव्हती. बसस्टँडवर कुठून असणार?

भोंगानं हळूच मान वर केली. एक एक खिडकी शोधत तिची नजर बाईंवर येऊन थांबली. बाईंचे दोन्ही हात त्या मुलीच्या खांद्यांवर होते. खाली. भोंगाचा चेहरा असा उजळला, की तिसऱ्या मजल्यावरून दिसला.

पोरांनी काचेवर तळवे आपटले. त्याचा आवाज खाली पोचला नाही, पण सगळ्यांनी बघितला.

खाली आल्यावर सेक्रेटरी गोड गोड बोलत होते. देणगीचा डबा त्यांना दोन हातांनी धरावा लागत होता, त्यामुळे. शेठ घाम पुसत म्हणाले, "खोली होईल हो. पण बाई, पुढच्या वर्षी खुर्च्या पहिल्यापासून इकडे मांडा, आणि वर एक कापड बांधा. टाळू भाजली माझी."

पुढच्या वर्षी, हे ऐकून धाकटीनं ताईकडे बघितलं. सायकलवाले काका खाकरले. "ती किल्ली न्यायला सांगितलं होतं..." म्हणाले, आणि आपणच खाली बघायला लागले.

बाईंनी कमरेच्या पिशवीतून किल्ली काढली. बघितली. धाकटीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटल्या.

धाकटी एवढ्या जोरात हसली की रिक्षावाल्यानं वळून बघितलं. "ऐकलंत का काका? म्हणते, कुलूप फार दिवस कुरकुरतंय. तुमच्या दुकानातलं तेल घेऊन उद्या सकाळी वर या." मग तिनं डोळे पुसले आणि पुढे जोडलं, "आणि तुमचे बुरूज वाकडे होते, तेही म्हणाली."

"हे मी कुठे म्हटलं?" बाई कुजबुजल्या.

"म्हणणार होतीस," धाकटी म्हणाली, आणि जमिनीवरच्या चादरी गोळा करायला वाकली.