जाधवांचा वजनदार शब्द

"साहेब, ह्या इंग्रजीत नेमकं काय लिवलंय माझ्याबद्दल?" बिरूनं विचारलं आणि मी जरा अडखळलो.

वाळूजच्या एका कारखान्यात मी तेव्हा एचआर ऑफिसर होतो. बिरू आमचा मशीन ऑपरेटर. त्याची डोमेस्टिक एन्क्वायरी चालू होती, म्हणजे कारवाईआधी कंपनीतच होणारी चौकशी. आरोप कामगाराला त्याच्या भाषेत समजावून सांगणं हे माझं काम. सुपरवायझर जाधवांनी लिहिलं होतं, 'ॲज इज हिज वोंट' बिरू मशीन सोडून गेला.

वोंट म्हणजे सवय, माणसाची नेहमीची रीत. बोलताना हा शब्द सहसा कुणी वापरत नाही. लिहिताना मिरवायला बरा. पण एकदा मशीन सोडलं तर वॉर्निंग. सवयच असेल तर नोकरी जाते.

"म्हणजे तू नेहमीच मशीन सोडतोस, असं."

"नेहमी? आवो, एकडाव गेलो! गेटाबाहेर मेंढरं आली हुती. शिफ्टची बस मधीच अडकली. ड्रायव्हर हॉर्न वाजवी, तशी मेंढरं लई बिथरायली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मला ऱ्हावलं नाय. सांगून गेलो नाय, ते मातर चुकलं."

बस त्यानंच मोकळी केली होती. मी शेजारीच बसलेल्या जाधवांकडे वळलो.

"याआधी कधी गेला होता?"

"नाही."

"मग वोंट कशाला?"

"वजन येतं हो साहेब! एका जुन्या तक्रारीत वाचला. तेव्हापासून सगळीकडं घालतो."

खरंच होतं. कॅन्टीनच्या गळक्या नळालाही त्यांनी हीच वोंट लावली होती. मला हसू आलं आणि रागही आला. वजन यांच्या इंग्रजीला, आणि चिरडणार बिरू!

जनरल मॅनेजरना मी सगळं सांगितलं. त्यांनी तो शब्द खोडला आणि वॉर्निंगवर भागवलं.

"म्हंजी नोकरी ऱ्हायली?" बिरूनं माझे दोन्ही हात घट्ट धरले. मलाही फार बरं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात मेंढरं पुन्हा आली, बस पुन्हा अडकली. जाधव स्वतः धावत लाइनवर आले. "बिरू, पळ! मशीनवर मी थांबतो."

मग दर हिवाळ्यात हेच. शब्द जाधवांनी बरोबर लिहिला होता, फक्त थोडा आधी लिहिला.