जहाजावर नेसलेली पांढरी साडी

माझे यजमान नगरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशीनवर होते. नोकरीभर त्यांचं एक जेवण कंपनीच्या खाकी शर्टात आणि दुसरं घरी बनियन-लेंग्यावर झालं. लग्नकार्य सोडलं तर जेवायला म्हणून वेगळे कपडे करायचे असतात, हे आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

ते निवृत्त झाले तेव्हा पुण्याच्या लेकीनं आम्हा दोघांसाठी मुंबईहून गोव्याला जाऊन येणाऱ्या मोठ्या जहाजाचं बुकिंग केलं. मागोमाग मोबाईलवर सूचना आल्या. जेवणाच्या हॉलमध्ये लेंगा, स्लीपर चालणार नाही. पहिल्या दिवशी नीटनेटके साधे कपडे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पांढरं. शेवटच्या दिवशी पुरुषांनी सूट-कोट, बायकांनी ठेवणीतलं. ह्यांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आपल्या लग्नात मी मावसभावाचा कोट घातला होता, आठवतं का? हात वर केला की मनगटं बाहेर. आता स्वतःचा शिवतो."

आणि शिवला. राखाडी रंगाचा.

माझं घोडं अडलं ते पांढऱ्यापाशी. शाळेत शिकवत होते तेव्हा पंधरा ऑगस्टलासुद्धा मी मोतिया रंगावर भागवायचे. पांढरं नेसू नकोस असं मला कुणी बजावलं नव्हतं. पण अकोले तालुक्यातल्या आमच्या गावी सासरे गेल्यापासून सासूबाई फिक्या लुगड्यातच दिसायच्या, आणि दुकानात माझा हात त्या रंगाकडे जायचाच नाही.

"मी आपली निळी नेसते. कोण बघतंय?"

"अख्खा हॉल पांढरा आणि तू एकटीच निळी? माझ्यासाठी नेस एक दिवस."

कापडबाजारात गेलो. पांढरी साडी मागितल्यावर दुकानदारानं आवाज उतरवून विचारलं, "घरी काही झालंय का?"

"नाही हो," हे हसले, "जहाजावर जेवायचंय."

बारीक हिरव्या काठाची सुती साडी घेतली. काठ हिरवा आहे, एवढ्यावर मी मनाची समजूत घातली.

जहाजावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे पांढरा झब्बा-पायजमा घालून आरशासमोर उभे राहिले. मी साडी नेसून आले तर बघतच राहिले. "छान दिसतेस," एवढंच म्हणाले. असं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. हॉलमध्ये जिकडे बघावं तिकडे पांढरं. "सगळे पुढारी जेवायला बसलेत," ते माझ्या कानाशी म्हणाले. त्याआधी काही महिने ते घास अडकतो म्हणायचे आणि पित्ताची गोळी घेऊन वेळ मारून न्यायचे. डॉक्टरचं नाव काढलं की चिडायचे. त्या दिवशी मात्र वरण-भात, भाजी, सगळं विनातक्रार खाली उतरलं. गोड खाताना वाढप्यानं आमचा फोटो काढून दिला, तो मी लेकीला पाठवला. मी मनात म्हटलं, हवा मानवली.

शेवटच्या दिवशी त्यांनी कोट चढवला. शिवून फार दिवस झाले नव्हते, तरी खांदे खाली ओघळले होते.

"शिंप्यानं सैल शिवला की काय?"

शिंप्याकडे घालून बघितला तेव्हा तो अंगासरसा बसला होता.

लेकीच्या लग्नातली पैठणी नेसून मी त्यांच्या शेजारी बसले. सूप त्यांनी घेतलं. पावाचा पहिलाच घास अडकला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. मांडीवरचा रुमाल तोंडाला लावून ते कितीतरी वेळ तसेच बसले. समोरचं कुटुंब शहाणं होतं, त्यांनी दुसरीकडे बघितलं.

"चल, बाहेर वाऱ्यावर बसू," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मी भीतभीत म्हटलं, "घरी गेल्यावर डॉक्टरांना दाखवू."

"दाखवू," ते लगेच म्हणाले. या वेळी चिडले नाहीत.

आधी नगर, मग पुणे. अन्ननलिकेचा कॅन्सर. पुढं पुढं नळीतून दूध आणि पाणी, एवढंच त्यांचं जेवण उरलं. स्वयंपाकघरात फोडणीचा वास सुटला की ते डोळे मिटून घ्यायचे, म्हणून मी शेजारणीकडे जाऊन शिजवायचे. वर्षाच्या आत ते गेले.

दहावा गावी झाला, प्रवरेच्या काठी. घरी परतल्यावर बायका ओटीवर बसल्या होत्या. लेकीनं मागं जहाजावरचा तो पांढऱ्या साडीतला फोटो मोबाईलच्या स्टेटसला ठेवला होता. तो गावात पोरींनी पाहिलेला. सासूबाई सगळ्यांच्या देखत बोलल्या, "नवरा धडधाकट आसताना पांढरं नेसली. मंग दुसरं काय व्हनार?"

लेक उसळून उठणार होती. मी तिचा हात धरून ठेवला. दुखणं साडीच्या कितीतरी आधीपासून आत होतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं. पण मन डॉक्टरांचं ऐकत नाही. नगरला परतल्यावर ती साडी कुणाला देऊन टाकावी म्हटलं, तर देणार कुणाला आणि काय सांगून? ती कपाटातच राहिली.

पुढच्या थंडीत सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे आल्या. दुसरीकडे कुठं जाणार? त्यांचा एकच मुलगा होता. आम्ही कामापुरतं बोलायचो. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर एका दुपारी मी भाजी निवडत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यो जहाजावरचा फोटू हाय का तुज्याकडं?"

माझे हात थांबले. आता आणखी काय ऐकावं लागणार, असं वाटलं. तरी मोबाईल आणून दिला. त्यांनी तो डोळ्यापाशी नेला.

"ह्ये काय खातोय त्यो?"

"रसमलाई."

"त्याला ग्वाड आवडायचं न्हाई."

"त्या दिवशी दोन वाट्या खाल्ल्या."

"गिळता आलं?"

"आलं. वर पाणीसुद्धा लागलं नाही."

"आन भात?"

"भातही खाल्ला. वरण-भात, पनीरची भाजी, पापड." आठवलं तेवढं सगळं सांगितलं. त्या प्रत्येक पदार्थाला मान हलवत होत्या.

"त्याच्यानंतर आसा पोटभर कवा जेवला?"

"नाही जेवले, आई. ते शेवटचंच."

त्यांनी मोबाईलची काच पदरानं पुसली आणि पुन्हा बघितलं. "हासतोय बघ," म्हणाल्या. साडीचा विषय त्यांनी काढला नाही. बोललेलं मागं घेतलं नाही, आणि मीही त्यांना काही विचारलं नाही.

डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती. मी बाटली आणली. त्यांनी मान मागं टाकली. औषधाच्या आधीच डोळा काठोकाठ भरला होता, म्हणून मी थोडी थांबले.