खंडेनवमीला धुतलेली लेन

जालना रोडवरच्या मॉलमध्ये बोलिंगचा हॉल निघाला तेव्हा अख्खं शहर तिथं लोटलं, आणि आलेल्यांपैकी एकालाही बोलिंग येत नव्हतं. भोपळा घरंगळत सोडावा तसा दोन्ही हातांनी बॉल सोडायचा, तो कडेच्या गटरमध्ये गेला की खिदळायचं आणि वर लेनलाच नावं ठेवायची. नाचता येईना अंगण वाकडं. मला त्या लोकांची शिसारी यायची, आणि ती मी लपवतही नसे.

मला येत होतं, कारण मी डोकं वापरायचो. लेनच्या पुढच्या भागावर तेलाचा पातळ थर असतो. त्यावर बॉल घसरत सरळ जातो, आणि तेल संपलं की फिरकी धरून डावीकडं वळतो. तेल उडालं असेल तर तो लवकर वळतो. मग आपण डावीकडं सरकून उभं राहायचं, मनगट कमी फिरवायचं आणि जोरात सोडायचा. इतकं साधं गणित ऑफिसातल्या गाढवांना मी किती वेळा सांगितलं असेल! "आधी लेन वाचा," म्हणायचो. ते माना डोलवायचे आणि पुन्हा भोपळा सोडायचे.

त्या वर्षी आमच्या कंपनीच्या सगळ्या शाखांची स्पर्धा पुण्यात होती. आमच्याकडून एकच जण जाणार होता. मला जायचंच होतं. शाळेच्या लेझीम पथकापासून ऑफिसच्या क्रिकेटपर्यंत सेहेचाळीस वर्षांत मला कुणी कशातच निवडलं नव्हतं.

शेवटचा सामना माझा आणि आमच्या स्टोअरमधल्या क्लार्कचा. हा गडी वैजापूरकडचा. बॉल वळवायचं माझंच बघून शिकलेला, आणि खेळायच्या आधी आखाड्यात उतरल्यासारखा लेनला हात लावून कपाळाला लावणारा. मला हसू यायचं.

सामना आला नेमका खंडेनवमीला. हॉलमध्ये पिना लावणाऱ्या मशीनला झेंडूचे हार, बॉलवर हळदकुंकू. मी बूट चढवत होतो तेव्हा झाडलोट करणाऱ्या मावशी जवळ आल्या.

"साहेब, दुपारी पूजेसाठी लेन धुतली बघा. सोड्याच्या पाण्यानं. लई चिकट होती."

हॉलच्या मालकानं सकाळीच फोनवर सांगितलं होतं की ताजं तेल मारलंय. आता ही पोछावाली बाई मला लेन शिकवणार?

"मावशी, तुम्ही फरशीचं बघा. लेनचं मी बघतो."

पहिलाच बॉल अर्ध्या वाटेत डावीकडं वळला आणि कोपऱ्यातली एक पिन पाडून गेला. दुसराही तसाच. मनात म्हटलं, मनगट घाबरलंय. दहांपैकी चौथ्या डावापर्यंत मला सगळं कळलं होतं. खोटं कशाला बोलू? पण डावीकडं सरकायला पाय उचलेना. सरकलो असतो तर मावशी खरी ठरली असती. मी तिथंच उभा राहून तोच बॉल तसाच टाकत राहिलो. तिकडं वैजापूरकर सरळ, जोरात हाणत होता. अकरा पिनांनी हरलो.

"तू आज बॉल वळवला का नाहीस?" मी विचारलं.

"पाया पडलो तवा हात कोरडाच आला, सर. रोज बोटांना तेल लागतंय. म्हटलं, आज सरळच हाणावं."

तेवढ्यात मालक आला. लेनवर बोट फिरवून बघितलं आणि भडकला. तेलाचा, मशीनचा, सगळा राग मावशींवर काढला. "पुसून घ्या म्हटलं होतं, धुवा नाही! उद्यापासून येऊ नका. दुसरी बाई बघतो मी."

मावशी घाबरल्या. त्यांनी माझ्याकडं हात केला.

"मी या साहेबांना सांगितलं व्हतं. खेळायच्या आधीच. विचारा त्यांना."

ऑफिसातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. वैजापूरकरही. सांगितलं होतं म्हणालो असतो तर बाईची चूक निम्मी झाली असती. पण मग मी का हरलो, ते या सगळ्या भोपळेवाल्यांना कळलं असतं.

"मला काही आठवत नाही," मी म्हणालो, आणि बुटाच्या नाड्या सोडायला खाली वाकलो. लेनपुढं नाही, मावशींपुढं नाही; त्या संध्याकाळी मी वाकलो तो नाड्यांपुढं.